वरील सर्व बाबी विचारात घेता

संगणक सुरू व्हायला किती वेळ लागतो, ते मी मठपती काकांना मनगटावरच्या घड्याळात मोजून दाखवलं. बटण दाबलं आणि एकोणीस सेकंदांत पडद्यावर सगळी चित्रं येऊन बसली. याच यंत्राला आधी चार मिनिटं लागायची.

"बघा काका, आता कसा पळतोय," मी मोठ्यानं म्हणाले.

काका खिडकीजवळच्या खुर्चीत होते. मान मागच्या उशीला टेकलेली, पाय स्टुलावर, उजवा हात टेबलावर घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवलेला आणि बोटांखाली कीबोर्ड. त्यांना बोलता येत नव्हतं. ऐकू अगदी उत्तम यायचं, तरी घरी येणारं प्रत्येक माणूस त्यांच्याशी ओरडून बोलायचं, आणि मीही तशीच बोलायचे. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. आणि त्यांचं मधलं बोट कीबोर्डच्या खालच्या लांब पट्टीवर आपटायला लागलं. एकदा, दोनदा. थांबलं. परत दोनदा.

अन्नपूर्णाकाकू चहा घेऊन आल्या. "काका खूश झालेत, बोट बघा कसं नाचतंय," मी त्यांना सांगितलं.

काकूंनी कप ठेवला आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. "त्यांना काहीतरी म्हणायचंय," त्या म्हणाल्या.

नवीन आहे, सवय होईल, असं काहीतरी मी बोलले. दोन घोटांत चहा संपवला, पिशवी उचलली. मला औरंगाबादची गाडी पकडायची होती. मी चपला घालत होते तरी आतून बोटाचा आवाज येतच होता.

ती दोन हजार सात सालची नऊ जानेवारी. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता आणि परभणीत स्टेशन रोडला एका गाळ्यात संगणक दुरुस्तीचं दुकान चालवत होते. बाईमाणूस स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेलं बघायला सुरुवातीला लोक उगाच थांबायचे. नंतर मात्र 'चित्राची सीडी' म्हणून माझं नाव झालं.

ती सीडी ही माझी खरी कमाई होती. परभणीत तेव्हा जुनी यंत्रं फार. कुणाच्या पुण्यातल्या ऑफिसातून निघालेली, कुणाला भावानं दिलेली. त्यांच्यात मेमरी कमी, डिस्क लहान. मूळ सीडीवरून ऑपरेटिंग सिस्टिम चढवायला तासभर जायचा आणि चढल्यावर यंत्र दमेकऱ्यासारखं चालायचं. मग मला एक सॉफ्टवेअर मिळालं. त्यात सिस्टिमच्या सगळ्या भागांची लांबलचक यादी समोर यायची, प्रत्येकापुढे एक चौकट. नको त्या भागावर खूण करायची; तेवढं वगळून नवी सीडी तयार व्हायची.

त्या यादीवर मी तीन आठवडे बसले होते. चिनी-जपानी लिप्या काढल्या. जगात कुठे कुठे विकल्या जाणाऱ्या शेकडो प्रिंटरांचे ड्रायव्हर काढले. डोंगर-समुद्राची चित्रं, नमुन्याची गाणी, मदतीची पानं काढली. फाइल शोधताना कोपऱ्यात शेपूट हलवत बसणारं एक कुत्रं होतं, तेही काढलं. मराठी तेवढं ठेवलं, ते मी अभिमानानं सगळ्यांना सांगायचे. काही वेळा जास्त कापलं जायचं आणि यंत्र सुरूच व्हायचं नाही. मग कुठला भाग चुकून गेला ते शोधायचं, तो परत घालायचा, नवी सीडी तयार करायची. अशा अकरा सीड्या वाया गेल्या. बारावी चालली. सहाशे एमबीचं एकशे ऐंशीवर आलं. पुढे प्रत्येक यंत्रात मी डोळे झाकून तीच घालायचे.

काकांचं यंत्र डिसेंबरअखेरीस बंद पडलं होतं. व्हायरस इतके की सुरू होता होता पुन्हा बंद पडायचं. मी ते न्यायला गेले तेव्हा काकू मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "यात काकांचं एक पत्र आहे. बाकी काही गेलं तरी चालेल, ते जाऊ देऊ नकोस." मी पत्राची फाइल आधी बाजूला काढून घेतली, दोन ठिकाणी ठेवली आणि काम झाल्यावर जागच्या जागी परत ठेवली. उघडून बघितली नाही. दुसऱ्याचं वाचायचं नाही हा नियम मी कधी मोडला नव्हता. काका बोटानं काय करतात, पत्र कोण लिहितं, कसं लिहितं, हे मात्र मी विचारलं नाही. काकू टाइप करत असतील, असं धरून चालले.

काका पाटबंधारे खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर दीड वर्षात त्यांच्या हातातून पेला सुटायला लागला. मग चालणं गेलं, मग बोलणं. शरीरातल्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात असा तो आजार. डोकं शेवटपर्यंत लख्ख राहतं. हे सगळं मला नंतर कळलं.

औरंगाबादला एका संस्थेतली साठ जुनी यंत्रं मला माझ्या सीडीनं नवी करून द्यायची होती. चौथ्या दिवशी काकूंचा फोन आला. "चित्रा, कीबोर्ड येत नाही गं." मी एका यंत्राखाली वाकून वायर ओढत होते. मागची पिन घट्ट बसवा म्हटलं. आणखी चार दिवसांनी परत फोन. शेजारच्या मुलीला पाठवून त्यांनी नवा कीबोर्ड आणवला होता, तरी येत नव्हता.

"बटणं दाबली की अक्षरं उमटतात का?" मी विचारलं.

"उमटतात. पण तो त्यांचा—"

"मग कीबोर्ड चांगला आहे काकू. मी आले की बघते," म्हणून मी फोन ठेवला. त्यांचं वाक्य मी पुरं होऊ दिलं नाही. माझ्याभोवती साठ यंत्रं होती आणि ती एकामागून एक पळायला लागली होती. तो आठवडा माझ्या आयुष्यातला फार आनंदाचा होता.

तिसरा फोन एकतीस जानेवारीला आला. काकूंचा नव्हता. त्यांचा मुलगा बसवराज हैदराबादला एका कंपनीत होता, तो रजा काढून आला होता. आवाज अगदी शांत.

"तुम्ही सिस्टिममधून ॲक्सेसिबिलिटीचा भाग काढून टाकलाय का?"

यादीतली ती चौकट मला लगेच आठवली. आंधळ्या, अपंग लोकांसाठीच्या सोयी असं तिथं लिहिलेलं होतं. मी फार विचारही केला नव्हता.

"हो," मी म्हणाले. "तो कुणी वापरत नाही."

"माझे वडील वापरतात," तो म्हणाला.

मग त्यानं मला समजावून सांगितलं, न चिडता. त्या भागात पडद्यावरचा कीबोर्ड होता. अक्षरांचा तक्ता पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात उघडतो. एक उजेडाची पट्टी एकेका ओळीवरून सरकत जाते. हवी ती ओळ आली की माणसानं खरं बटण एकदा दाबायचं. मग उजेड त्या ओळीतल्या एकेका अक्षरावरून सरकतो, परत एकदा दाबायचं, की ते अक्षर उमटतं. म्हणजे ज्याचं एकच बोट हलतं तोसुद्धा सगळं लिहू शकतो. वडिलांसाठी हे त्यानंच दिवाळीत बसवून दिलं होतं. ते रोज सकाळी आणि दुपारी दोन-दोन तास लिहायचे. एका दिवसात चार-पाच ओळी.

आईनं त्यालाही फोनवर सांगितलं होतं की पडद्यावरच्या प्रोग्रामांच्या यादीत त्या तक्त्याचं नावच नाही. इंग्रजी बारीक अक्षरं आईला सापडत नसतील, असं त्याला वाटलं.

मी संस्थेचं काम तसंच टाकून दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं निघाले. दहाच्या सुमाराला मूळ सीडी घेऊन मठपतींच्या घरी पोचले. त्या तक्त्याच्या फाइली परत जागेवर ठेवायला मला बारा मिनिटं लागली. तक्ता उघडला. उजेड पहिल्या ओळीवर आला, दुसऱ्या, तिसऱ्या, आणि परत वरून सुरू झाला.

काका तक्त्याकडे बघत होते. बोट पट्टीवर होतं.

उजेड सात-आठ फेऱ्या करून गेला. बसवराजनं वेग कमी केला. काकूंनी बोट जरा चोळलं, नीट ठेवलं, बाजूला सरकल्या. काकांच्या कपाळावर घाम आला. गळ्याची शीर उठून दिसायला लागली. बोट हललं नाही.

"गेल्या आठवड्यापर्यंत हलत होतं," काकू म्हणाल्या. "मी सांगत होते ना रे, रोज थोडं कमी होतंय म्हणून." त्या हे मुलाकडे बघून म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

नऊ जानेवारी ते एक फेब्रुवारी. तेवीस दिवस.

मी दुकानात गेले आणि शटर अर्धं खाली ओढून कामाला बसले. माउसच्या आत एक बारीक बटण असतं, त्याला फार कमी जोर लागतो. ते काढलं, त्याची पट्टी अजून हलकी केली, वायर लांबवून कीबोर्डच्या आतल्या जोडाला डकवली. दुसऱ्या दिवशी हे बटण आम्ही काकांच्या अंगठ्याखाली, मग पायाच्या बोटाखाली, हनुवटीखाली लावून बघितलं. कुठंच जमेना. शेवटी बसवराजच्या लक्षात आलं की डावा गाल किंचित वर उचलला जातोय. चष्म्याच्या काडीला तार बांधून ते बटण गालाला टेकेल असं मी बसवलं. तीन तारखेला दुपारी काकांनी पहिलं अक्षर उमटवलं. चुकीचं होतं, त्यांनी ते पुसलं. पुसायलाच पाऊण तास गेला.

मी पाच दिवस तिथंच होते. बटण सरकायचं, घामानं चिकटायचं, सारखं बघावं लागायचं. मी पडद्याकडे पाठ करून बसायचे, पण तार नीट करायला उठले की शेवटची ओळ दिसायचीच. तीन दिवसांनी तिथं होतं, '५) वरील सर्व बाबी'. पाचव्या दिवशी संध्याकाळी, 'विचारात घेता मी'.

मी एकदा धीर करून म्हणाले, "काका, थोडक्यात लिहा ना, दमताय."

काकू पहिल्यांदाच हसल्या. "त्यांनी बत्तीस वर्षं टिपण्या लिहिल्यात. पार्श्वभूमी झाल्याशिवाय निर्णय लिहायचा नसतो म्हणतात."

कसला निर्णय ते मी विचारलं नाही.

आठ तारखेला सकाळी खीर भरवताना काकांना ठसका लागला. दुपारी बारापर्यंत ओठ निळे पडले. त्यांना दवाखान्यात नेलं. मी मागून स्कूटीवर गेले. तिथल्या अरुंद व्हरांड्यात डॉक्टर काकू आणि बसवराजशी बोलत उभे होते. श्वासाचे स्नायू थकलेत, ते म्हणत होते, गळ्याला भोक पाडून नळी बसवावी लागेल आणि श्वासाच्या यंत्रावर ठेवावं लागेल. आणि या आजारात नळी एकदा बसली की बहुतेक परत निघत नाही. अशीच वर्षं जातात. "मी तुम्हाला नोव्हेंबरमध्येच सांगितलं होतं, त्यांना विचारून ठेवा. काय म्हणाले ते?"

"ते लेखी देणार होते, म्हणून आम्ही विचारलं नाही," बसवराज म्हणाला. मग तो माझ्याकडे वळला. "चित्राताई, ते पत्र घेऊन याल का?"

काकांना विचारून बघावं म्हणून बसवराज आत जाऊनही आला. पण त्यांचे डोळे उघडत नव्हते.

घराची किल्ली घेऊन मी गेले. त्या दिवशी मी ती फाइल पहिल्यांदा उघडली. सगळं पत्र एका पानात मावत होतं.

विषय : श्वासासाठी गळ्यात नळी बसविणेबाबत माझा निर्णय कळविणे.

संदर्भ : डॉक्टरसाहेबांची तोंडी विचारणा.

१) उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, मला आजाराची पूर्ण कल्पना आहे. माझी बुद्धी शाबूत असून सदर निर्णय मी स्वतः घेत आहे.

२) माझी आई सात वर्षे अंथरुणावर होती. तिचे सर्व काही सौ. अन्नपूर्णाने केले. तिने तक्रार केली नाही. मी ते रोज पाहिले आहे.

३) सकाळी खिडकीतून लिंबावरचे पक्षी दिसतात. त्यात माझा दीड तास चांगला जातो. ही बाबही नोंदविणे आवश्यक वाटते.

४) चि. बसवराज याने माझ्यासाठी हैदराबाद सोडू नये.

५) वरील सर्व बाबी विचारात घेता मी

त्याच्यापुढे कर्सर लुकलुकत होता.

चौथा मुद्दा डिसेंबरात लिहून झाला होता. मी आधी बाजूला काढून ठेवलेली प्रत तिथंच संपत होती. पाचवा त्यांनी जानेवारीत एका दिवसात लिहून संपवला असता.

मी कागद छापून घेतला. व्हरांड्यात बसवराजनं तो दोनदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्यानं, मग उलटून मागची कोरी बाजू पाहिली. काकूंनी कागद हातात घेतला नाही. "आलं का उत्तर?" त्यांनी विचारलं. बसवराजनं मान हलवली. डॉक्टर घड्याळाकडे बघत नव्हते, पण ते थांबलेत हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

"पक्ष्यांचं लिहिलंय त्यांनी," बसवराज म्हणाला. "आई, ज्याला जायचंय तो माणूस असं लिहील का?"

काकूंनी भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "घाला." बसवराजनं सही केली.

काका त्यानंतर दोन वर्षं चार महिने जगले. महिनाभरानं त्यांना घरी आणलं. गळ्यातल्या नळीला यंत्र जोडलेलं, आणि ते रात्रंदिवस चालायचं. परभणीत तेव्हा दिवसातून आठ-आठ तास वीज जायची. मी दोन इन्व्हर्टर बसवले, एक बिघडला तर दुसरा आपोआप सुरू होईल अशी जोडणी केली. दर मंगळवारी जाऊन बॅटऱ्यांचं पाणी बघायचे, यंत्राच्या जाळ्या साफ करायचे. एकही मंगळवार चुकवला नाही. लोकांना त्याचं फार कौतुक होतं. पोटची मुलगी करणार नाही, असं शेजारच्या बायका म्हणायच्या. तक्ता का गेला होता, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. काकूंनीही नाही.

गाल मार्चमध्ये थांबला. राहिले डोळे. एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही. काकू दिवसभर विचारत असायच्या. ऊन लागतंय का, कूस बदलू का, रेडिओ लावू का. मी एकदा सुचवलं की अक्षरं एकेक वाचून दाखवू, हव्या त्या अक्षराला काका डोळे मिटतील, पत्रसुद्धा पुरं होईल. काकूंनी माझ्याकडे बघितलं. "नको. ते दमतात," म्हणाल्या. मी परत तो विषय काढला नाही. त्या सगळं विचारायच्या, एक गोष्ट सोडून, हे माझ्या लक्षात आलं होतं. बसवराज महिन्यातून एकदा यायचा. तोही विचारायचा नाही. सही करून बसलेल्या माणसानं काय विचारायचं?

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये एका मंगळवारी काकू औषधं आणायला गेल्या होत्या. घरात मी आणि काका. यंत्राचा एकसारखा आवाज येत होता. मी जाळी बसवत होते आणि काका माझ्याकडे बघत होते. खरं तर मला फक्त कबूल करायचं होतं. सव्वा वर्ष ते माझ्या तोंडाशी येऊन अडत होतं.

"काका, तो तक्ता माझ्यामुळे गेला होता," मी म्हणाले. "मीच काढून टाकला होता. कुणाला लागत नसेल असं वाटलं मला."

त्यांनी डोळे एकदा मिटले. हो. त्यांना माहीत होतं. नऊ जानेवारीलाच माहीत होतं.

मी तिथं थांबायला हवं होतं. पण एवढं बोलून झाल्यावर पुढचं आपोआप बाहेर आलं. "नळी बसवा, असं लिहिणार होतात का तुम्ही?"

डोळे मिटले. उघडले. परत मिटले. उघडले.

माझी बघण्यात चूक झाली असेल, डोळ्यात पाणी आलं असेल म्हणून मिटले असतील, असं मी स्वतःला सांगितलं, आणि उलटं विचारलं. "नळी नको, असं लिहिणार होतात?"

एकदा. सावकाश, आणि पूर्ण.

मग ते माझ्याकडे बघत राहिले. पापणी न हलवता. ते पुढच्या प्रश्नाची वाट बघत होते. पुढचा प्रश्न एकच होता, आणि तो आम्हा दोघांनाही माहीत होता. मी बॅटरीच्या पाण्याची बाटली उचलली आणि बाहेर इन्व्हर्टरकडे गेले. तिथं बराच वेळ पाणी भरत राहिले, ते उतू गेलं तरी. काकू आल्या, मला चहा विचारला. मी नको म्हणून निघून आले.

त्यानंतर चौदा महिने होते. दर मंगळवारी मी खोलीत पाय टाकला की काकांचे डोळे माझ्याकडे वळायचे आणि मी जाईपर्यंत माझ्यावरच राहायचे. मी बोलायचे, पावसाचं, पेपरातलं, काहीबाही. आता ओरडून बोलत नव्हते. पण प्रश्न म्हणून काही विचारलं नाही. पाणी हवंय का, एवढंसुद्धा नाही.

जून दोन हजार नऊमध्ये काका गेले. न्यूमोनियानं, दोन दिवसांत. पंधरा दिवसांनी काकूंनी मला इन्व्हर्टर काढून न्यायला बोलावलं. एखाद्या गरजू घरी दे म्हणाल्या. मी वायरी सोडवून गुंडाळत होते आणि त्या पलीकडे काकांच्या रिकाम्या पलंगावर बसल्या होत्या.

"मागल्या वर्षी एका मंगळवारी मी औषधं घेऊन लवकर परत आले होते," काकू म्हणाल्या. "दारातच थांबले. तू त्यांना विचारत होतीस."

मी वायरीचं वेटोळं खाली ठेवलं.

"तू काय विचारलंस ते ऐकू आलं. त्यांचे डोळे मला दिसले नाहीत. तू आड उभी होतीस."

चौदा महिने त्यांनी मला दर मंगळवारी चहा केला होता.

"काय म्हणाले ते?"

मी खोटं बोलू शकले असते. काकूंचं वय बघता, त्यांचे हात बघता, ते सोपं होतं. पण या बाईला मी एकदा वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. मी सांगितलं. आधी काय विचारलं, मग उलटं काय विचारलं, किती वेळा डोळे मिटले, सगळं सांगितलं.

काकूंनी पलंगावरची चादर तळहातानं सारखी केली. "मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या मुद्द्यावरूनच कळलं होतं मला. मी कागद वाचला नव्हता, पण बसवराजनं मोठ्यानं वाचला तो ऐकला होता." मग म्हणाल्या, "घाला, मी म्हटलं. पण सही त्याची आहे. त्याला यातलं काही कळायला नको."

मी कबूल केलं. काकू गेल्या त्यालाही आता सहा वर्षं होतील. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. यातली नावं मी बदलली आहेत.

ती सीडी मी मोडून टाकली. साठ यंत्रांत ती गेलीच होती, आणखी कुणाकुणाच्या गेली होती. त्यातल्या कुणाला काय लागलं असेल ते मला कधी कळलं नाही. दुकान मी पुढे बारा वर्षं चालवलं.

बसवराज आता हैदराबादलाच स्थायिक आहे. वडिलांच्या स्मृतिदिनाला दर जूनमध्ये त्याचा फोन येतो, एकही वर्ष चुकलेलं नाही. तो आईबद्दल बोलतो, मुलांबद्दल बोलतो, माझी चौकशी करतो. आणि फोन ठेवायच्या आधी न विसरता म्हणतो, "बाबांना ती दोन वर्षं चार महिने मिळाली ना चित्राताई, ती तुमच्यामुळे."

"हो," मी म्हणते. "माझ्यामुळेच."